भार कुठे सोसायचा

"ताई, सगळ्यात हलकं जे असेल ते मला दाखवा," ती म्हणाली. शनिवारची सकाळ होती. कोलोरॅडोतल्या आमच्या फोर्ट कॉलिन्सच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रेंजवर मी लाकडी टेबलावर फडकं अंथरत होते. ती मूळची वर्ध्याची. इथे किराण्याचं दुकान चालवते, रात्री उशिरा कुलूप लावून एकटीच गाडीपर्यंत चालत जाते. बंदुकांच्या दुकानात तिला कोणीतरी सांगितलं होतं, की बाईचा हात लहान, तेव्हा लहान आणि हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं. हा सल्ला मी बावीस वर्षं ऐकते आहे, आणि त्यानं किती हात कायमचे बिचकले तेही पाहते आहे.

आठवडाभर मी हातांवर उपचार करते. मिरजेत फिजिओथेरपी शिकले, इथे येऊन मनगट, अंगठा आणि बोटं एवढ्यावरच काम करू लागले. शनिवारी नवख्यांना रिव्हॉल्व्हर शिकवते. नेमबाजी म्हटलं की मराठी माणसाला अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे आठवतात. त्यांची साधना वेगळी, मोजलेल्या अंतरावरची. माझ्या वाट्याला जे आलं ते कंबरेला बांधायचं, रानात न्यायचं, रेंजवर घोटायचं हत्यार आहे. या तिन्ही कामांना एकच रिव्हॉल्व्हर का चालत नाही, हे मला कळलं ते हातांकडे बघून.

डबल ॲक्शन म्हणजे काय ते आधी सांगते. सॅम्युअल कोल्टनं 1836 मध्ये पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक वेळी अंगठ्यानं मागे ओढावा लागे. चाप फक्त तो सोडायचं काम करी. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सनं 1851 मध्ये सगळं काम चापाकडेच दिलं. एकाच ओढीत सिलिंडर पुढच्या काडतुसावर फिरतो, घोडा उचलला जातो आणि सुटतो. पुढच्या पाच-सहा वर्षांत ब्युमाँट नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनियरनं दोन्ही सोयी एकत्र केल्या. हवं तर अंगठ्यानं घोडा चढवा, हवं तर नुसता चाप ओढा. आजचं डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर त्याच वाटेवरचं आहे.

पण एवढं सगळं काम एका बोटानं करायचं तर बोटाला बळ लावावं लागतं. खिशातल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 642 भरतं सुमारे 410 ग्रॅम. म्हणजे हातातल्या वस्तूच्या वजनाच्या तेरा पट ओढ त्याच वस्तूवर द्यायची, आणि ती हलता कामा नये! त्याच कंपनीच्या सहा इंची नळीच्या 686 चं वजन सव्वा किलोच्या घरात, चापही थोडा हलका. तिथे हे प्रमाण चारपटीवर येतं. नवख्याची गोळी खाली-डावीकडे जाते ती बहुतेक वेळा धक्क्यामुळे नव्हे, गोळी सुटायच्या आधीच हात हललेला असतो म्हणून.

ही ओढ शिकवताना मला मिरजेजवळच्या गावातली आजी आठवते. पहाटे ती जात्यावर बसे. वैरण घालताना डावा हात जाई नि येई, पण उजव्या हातातला खुंटा कधी अडखळत नसे. मी लहानपणी जोर लावून हिसके द्यायचे, तेव्हा पीठ जाडंभरडं पडायचं. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणायची, "बाई, फेरा मोडू नको." डबल ॲक्शनचा चापही असाच अखंड फेऱ्यानं ओढायचा असतो. काहीजण अर्ध्यावर थांबून नेम पक्का करतात आणि मग उरलेली ओढ देतात. शांत रेंजवर ते साधतं, घाबरलेल्या हाताला साधत नाही. सुरुवात केली की एकाच वेगानं शेवटापर्यंत जायचं, आणि नजर फ्रंट साईटवरून हलवायची नाही. स्मिथ अँड वेसनची ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास सारखी लागते, जुन्या कोल्टची मात्र शेवटाकडे जड होत जाते. ज्याचा त्याचा फेरा हाताला ओळखीचा करून घ्यावा लागतो.

आता अंगावर बाळगायचं रिव्हॉल्व्हर. इथे कंबरेचं ऐकावं लागतं. दिवसभर वागवायचं, गाडीत बसायचं, दुकानात वाकून पोती सरकवायची, तेव्हा 642 सारखं 410 ग्रॅमचं असलेलं जाणवत नाही. त्याचा घोडा सांगाड्याच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे ते कपड्यात अडकत नाही. खोळ चापावर पूर्ण आच्छादलेली हवी. खिशात ठेवायचं तर त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्लीसुद्धा नको. कोलोरॅडोत झाकून बाळगायचा परवाना काउंटीचा शेरीफ देतो. परवान्यानं बाळगायची मुभा मिळते, हाताचं वळण मात्र स्वतःच लावावं लागतं.

या हलकेपणाची किंमत तळहात मोजतो. गोळी तीच, दारू तीच, आणि रिव्हॉल्व्हरचं वजन निम्मं केलं, तर ते मागे येताना दुप्पट वेगानं येतं आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. अंगठ्याच्या मुळाशी जो छोटा सांधा आहे तो हे सगळं झेलतो. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायकांचा तोच सांधा पहिल्यांदा कुरकुरतो. पाच गोळ्या झाडून ज्याचा हात झिणझिणतो, तो सहावी झाडायला तयार नसतो, मग सराव सुटतो. नळी दोन इंचांची असली की आतल्या पुंगळ्या ढकलणारी दांडीही आखूड असते. म्हणून रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे करून दांडीवर तळहाताचा एकच ठाम फटका द्यायचा. आडवं धरून ढकललं तर एखादी पुंगळी दांडीला जोडलेल्या, पुंगळ्या उचलणाऱ्या तारकेसारख्या चकतीखाली शिरते आणि सिलिंडर बंदच होत नाही.

रानातली वाट वेगळं मागते. आमच्याकडे कॅश ला पूडर नदीच्या दरीतून वर चढत गेलं की पलीकडे नॉर्थ पार्कचा विस्तीर्ण पठारी भाग लागतो. 1978 पासून तिथे मूस नावाची मोठी हरणं आणून सोडली गेली, आता ती सगळीकडे पसरलीत. चारशे किलोच्या वरचा नर मूस झुडपातून अचानक समोर येतो तेव्हा अस्वल परवडलं असं वाटतं. कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत, ग्रिझली नाहीत. ग्रिझलीसाठी वर वायोमिंगला जावं लागतं. त्या भागात मी जाते तेव्हा अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा छातीच्या पट्ट्यावर, उजव्या हाताला पहिला. रिव्हॉल्व्हर त्याच्या नंतर. नेम चुकला तरी फवाऱ्याचा ढग वाटेत उभा राहतो, गोळी तशी राहत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण रानात प्राणी घरच्याच वाटेवर असतात, पाहुणे आपण.

एकदा मी या वाटेसाठी भलतंच निवडलं होतं. स्कँडियमच्या सांगाड्याचं, .357 मॅग्नमचं, साडेतीनशे ग्रॅमहूनही कमी वजनाचं रिव्हॉल्व्हर घेतलं. पाठीवर आधीच तंबू, पाणी, शिधा, तेव्हा कंबरेला ओझं नको हा विचार. रानासाठी खोल शिरणारी, सपाट तोंडाची, 180 ग्रेनची जड शिशाची गोळी भरली आणि निघण्याआधी रेंजवर तपासून बघितलं. चौथ्या गोळीला चाप अर्ध्यावर अडला. सिलिंडर फिरेना, उघडेना. प्रत्येक धक्क्यासरशी रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे जात होतं, पुंगळ्या त्याच्याबरोबर मागे जात होत्या, आणि जड गोळी मात्र आपल्या जागीच राहू बघत होती. बैल उधळले की गाडी पुढे पळते आणि पोतं मागे पडतं, तसं. न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून सुटत सुटत पुढे आली होती आणि सिलिंडरबाहेर डोकावून सांगाड्याला अडकली होती. हे मूसपुढे झालं असतं तर? त्या संध्याकाळी मी ते रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं. तेव्हापासून डोंगरात माझ्याबरोबर असतं ते रुगरचं जीपी100. चार इंची नळी, वजन अकराशे ग्रॅमच्या वर. ते छातीवरच्या खोळीत ठेवते, म्हणजे पाठपिशवीच्या पट्ट्यात अडकत नाही. चढावर त्याचं ओझं खांद्याला नक्की कळतं. पण जड गोळ्या एकामागून एक झाडल्या तरी सहावं काडतूस जागच्या जागी असतं.

रेंजवरच्या रिव्हॉल्व्हरला ना कंबर आहे ना खांदा. ते पेटीतून टेबलापर्यंत जातं. म्हणून ते मनसोक्त जड असावं. सव्वा किलोच्या 686 मध्ये .38 स्पेशलची सौम्य काडतुसं घालून दीडशे गोळ्या झाडल्या तरी अंगठा तक्रार करत नाही. .357 च्या सिलिंडरमध्ये .38 चालतं, उलटं चालत नाही, कारण .357 ची पुंगळी मुद्दाम लांब केलेली आहे. एवढंच, की आखूड पुंगळ्या झाडल्यावर कप्प्यांत काजळीचं कडं साचतं, ते घरी येऊन ब्रशनं काढायचं. मोंटानाच्या एड मॅकगिव्हर्ननं 1932 मध्ये डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या 0.45 सेकंदात झाडल्या, अर्ध्या डॉलरच्या नाण्यानं झाकतील एवढ्या जागेत. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. मी त्याच्या वेगाच्या मागे नाही. पण डबल ॲक्शननं अचूकता येत नाही असं कोणी म्हणालं की मला त्याचं बोट आठवतं.

वजनाचा हा हिशेब पोलादालाही चुकलेला नाही. अमेरिकेच्या सीमा गस्तीतल्या बिल जॉर्डनला दिवसभर कंबरेला वागवता येईल असं .357 हवं होतं. त्यातून 1955 मध्ये स्मिथ अँड वेसनचं कॉम्बॅट मॅग्नम, पुढे मॉडेल 19 म्हणून ओळखलं गेलेलं, जन्माला आलं. पोलीस बाळगत मॅग्नम आणि सराव करत .38 नं, तोवर ठीक चाललं. पुढे सरावातही वेगवान, हलक्या गोळ्यांची मॅग्नम काडतुसं येऊ लागली आणि नळीच्या मागच्या टोकाशी, सिलिंडरलगत, जिथे पोलाद सर्वांत पातळ होतं, तिथे तडे दिसू लागले. 1980 मध्ये कंपनीनं थोडा जाड सांगाडा काढला. माझं 686 त्याच घराण्यातलं. ग्रॅम वाचवले तिथे कोणीतरी ते सोसलंच. कधी तळहातानं, कधी पोलादानं.

हे सगळं मी तिला सांगितलं नाही. टेबलावर तीन रिव्हॉल्व्हरं ठेवली, तिन्ही उघडी, रिकामी, दोघींनी बोट घालून कप्पे तपासलेली. आधी 642 दिलं. तिचा चेहरा उजळला. नळीवर, फ्रंट साईटच्या मागे, भारतातून आणलेलं रुपयाचं नाणं ठेवलं आणि भिंतीकडे नेम धरून चाप ओढायला सांगितलं. नाणं तीनदा पडलं. मग तीन इंची नळीचं रुगर एसपी101 दिलं, पाऊण किलोचं. "हे जड आहे हो ताई," ती म्हणाली. नाणं एकदा पडलं, मग थरथरलं पण टिकलं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि आजीचं वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघालं.

त्यानंतर दोन्हींतून पाच-पाच गोळ्या झाडल्या. हलक्यातून दुसऱ्या गोळीनंतर तिनं हात झटकला, अंगठ्याचं मूळ चोळलं, आणि उरलेल्या तीन गोळ्या डोळे मिटत झाडल्या. जडातून पाचही झाल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "अजून पाच घालू?"

त्या दिवशी तिनं काहीच विकत घेतलं नाही. हे मला आवडलं. महिनाभर तिनं माझं रिकामं एसपी101 माझ्या देखत, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नाणं नळीवर ठेवून ओढलं. जाड कातड्याचा रुंद पट्टा घेतला, दुकानात तो बांधून पोती उचलून पाहिली. ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी सोबत तिजोरीही घेतली, कारण तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. तेही एक ओझंच आहे. चारशे ग्रॅमचं घ्या नाहीतर सव्वा किलोचं, ते वजन कमी होत नाही.

माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेल्या हिवाळ्यापासून दुखतो. तपासून घेतलं, निदान मला आधीच ठाऊक होतं. रोज बाळगायचं 642 मी काढून टाकलं आणि त्याच्या जागी आता माझ्याही कंबरेला पाऊण किलो असतं. संध्याकाळी पट्टा सोडला की कातडीवर त्याचा वळ दिसतो. मग टेबलाशी बसते, कप्पे दोनदा तपासते, नाणं ठेवते आणि हळूहळू पन्नास फेरे पुरे करते.