मेदर निंगाचे गाव

भाषांतराचे काम करणाऱ्याला एक खोड जडते. गावाचे नाव कानी पडले, की त्याचा अर्थ लावल्यावाचून त्याला राहवत नाही. बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात, काडु मल्लेश्वराच्या देवळापाशी असलेला शिलालेख पाहावयास मी गेले, ती मात्र या खोडीपायी नव्हे. त्यात एकोजी राजांचे नाव आहे, एवढीच मला ओढ होती.

वाचकहो, १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले व ते शहाजी राजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी राजे, येथे कारभार पाहू लागले. त्यांनी १६६९ साली मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला एक गाव इनाम दिले, असे हा लेख सांगतो. लेख कन्नड आहे. मराठी राजाने आपले दान रयतेच्या भाषेत कोरवून घेतले, हे वाचून अभिमान वाटला.

तेवढ्यात दान दिलेल्या गावाच्या नावाशी मी अडखळले : मेदरनिंगनहळ्ळी. मेदर म्हणजे बुरूड. निंगा हे लिंगाचे बोलीतले रूप. हळ्ळी म्हणजे खेडे. बुरूड निंगाचे खेडे! टोपल्या-सुपे विणणाऱ्या कोणा निंगाचे नाव राजाच्या नावाशेजारी दगडावर कोरले गेले होते. दान राजाचे खरे. पण देवाचा दिवा जळायचा, तो त्या खेड्यातल्या पिकावर.

काडु म्हणजे रान. हा देव मुळात रानातला, वृषभावती नदीच्या खोऱ्याच्या माथ्यावरचा. १८९८ च्या प्लेगनंतर येथे शहरवस्ती वाढली आणि खेडी तिच्या पोटात गेली. देवळासमोरच १९९७ साली जमीन खणताना दक्षिणमुख नंदीचे प्राचीन मंदिर सापडले. नंदीच्या मुखातून येणारी धार खालच्या शिवलिंगावर पडते व तेथून कुंडात जाते. वृषभावतीचा एक उगम येथलाच मानतात. ही नदी पुढे अर्कावतीस मिळते आणि अर्कावती कावेरीस.

कुंडाशी हात जोडून मी परतले. पुढे म्हैसूर रस्त्याने जाताना तीच वृषभावती दिसली, आणि नाकाला पदर लावावा लागला. उगमाला आपण तीर्थ म्हणतो आणि प्रवाहात शहराचे सांडपाणी सोडतो. खालच्या शेतांना तेच पाणी मिळते.

आपल्याही गावी एखादा दानलेख असेल. तो वाचाल तेव्हा देणाऱ्याच्या नावाशी थांबू नका. दिलेल्या गावाचे नावही वाचा, आणि तेथले पाणी कोठे जाते ते पाहून या. राजाची आठवण दगडाने राखली आहे. निंगाच्या खोऱ्यातले पाणी राखणे मात्र आपल्याकडे आहे.