कोरड्या महिन्यातला पाया

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधलं ते घर मी मे महिन्यात तपासलं. पुण्यातल्या वाड्यांची दुरुस्ती करत आलो होतो. जून लागायच्या आत पाया बघून घ्यायचा, ही सवय. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो हे ठाऊक असूनही तारीख ठरवताना माझ्या डोक्यात आलं नाही.

शिवाजी महाराज १६७७ साली दर्शनाला आल्याचं जिथे सांगतात, त्या तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ देवळापासून घर दोन गल्ल्यांवर होतं. देवळात जाऊन आलो तेव्हा आपण इथे परके नाही असं वाटलं. तिथल्या जमिनीला मात्र मी पुरता परका होतो.

जोतं घडीव दगडाचं होतं, पल्लावरमकडे मिळतो तसा निळसर, कठीण चार्नोकाइट. हातोडीनं वाजवला, खणखणीत आवाज आला. ओळंबा लावला, भिंत सरळ. दर्जांमधल्या चुन्याचा नखानंही भुगा पडत होता. म्हातारे मेस्त्री तो जिभेला लावून म्हणाले, "उप्पु, सार." मीठ. मग मागच्या कोपऱ्याकडे बोट करून, तिथे खड्डा खणून बघू या म्हणाले. मी मान डोलावली आणि पुढच्या खोलीत गेलो. 'पाया सुस्थितीत, दर्जा सिमेंटनं भराव्यात,' असं अहवालात लिहिलं.

जमीन वाळूची, समुद्र जवळ. जमिनीतली ओल आजवर त्या मऊ चुन्यातून बाहेर येऊन सुकत होती. ती वाट मी बुजवली. पावसाळ्यात ओल जोत्यावरच्या विटांत चढली, सुकताना आतलं मीठ फुलून आलं आणि त्यानं गिलावा भिंतीपासून सोडवला.

जानेवारीत बोलावणं आलं. देवघराची भिंत होती. शिंपल्यांच्या चुन्याचा घोटीव गिलावा. मेमध्ये मी त्यावर हात फिरवला होता, संगमरवरासारखा गार लागला होता. आता त्याच्या खपल्या जमिनीवर पडल्या होत्या आणि घरातल्या आजी त्या वेचून तबकात ठेवत होत्या. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

मी फी परत केली. सिमेंट छिन्नीनं काढताना दगडांच्या कडाही उडाल्या. तसा गिलावा घोटणारं कुणी आम्हांला मिळालं नाही.

खड्डा कुठे घ्यायचा, असं मी मेस्त्रींना विचारलं. त्यांनी पुन्हा त्याच कोपऱ्याकडे बोट केलं. दोन हात खणल्यावर दिसलं, घडीव दगड फक्त बाहेरच्या अंगाला होता. आत गोटे होते आणि त्यांच्यामधल्या चुन्याची ओली माती झाली होती.