घोषणा आपल्या, आकडे त्यांचे

दोन वर्षांपूर्वी मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली मुलगी आमच्या अभ्यासिकेत आली होती. दहावीला गणितात चांगले गुण, आईवडील मजुरी करणारे, घरात शिकलेलं कुणी नाही. अकरावीला काय घेऊ, असं तिनं विचारलं. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली, अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये काम करणारी कार्यकर्ती. माझ्याकडे उत्तर तयारच होतं. "गणित सोड, कला शाखा घे आणि आतापासून एमपीएससीला लाग."

यंदा बारावी होऊन ती परत आली. तिला अर्थशास्त्र शिकायला दिल्लीला जायचं होतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश हवा तर प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. तिनं दोन वर्षांत गणिताचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तुमीच त सांगतलं होतं, गणित सोड म्हून."

चूक माझी होती, हे आधी कबूल करते. पण ही चूक माझ्या एकटीची नाही. आपल्या वस्तीतल्या हुशार पोराला आपण काय काय व्हायला सांगतो? शिक्षक, वकील, अधिकारी, प्राध्यापक. अर्थतज्ज्ञ हो, असं किती जण सांगतात? आणि ज्या बाबासाहेबांचं नाव घेऊन आपण 'शिका' म्हणतो, त्यांचं मूळ शिक्षण कशाचं? १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात एम.ए. केलं. १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. सरकारशी ते सरकारच्याच आकड्यांनी भांडले. आपण त्यांच्या हातातलं संविधान पाहिलं, कागदावरची आकडेमोड पाहिली नाही.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीवरून आम्ही एका कार्यालयात निवेदन घेऊन गेलो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. त्या प्रमाणात निधी ठेवायचा आणि तो आपल्याच लोकांवर खर्च करायचा, हे या योजनेचं तत्त्व. साहेबांनी एक तक्ता पुढे सरकवला. "बघा, जवळपास सगळा निधी खर्च झालाय." आम्ही गप्प झालो, चहा घेतला आणि बाहेर आलो.

तो तक्ता मला वाचता आला नाही, हे नंतर कळलं. अर्थसंकल्पात तीन वेगळे आकडे असतात: मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. वर्षाच्या सुरुवातीला मोठी रक्कम जाहीर करायची, मध्येच सुधारित अंदाजात ती कापायची आणि मग खर्चाची टक्केवारी कापलेल्या रकमेवर काढायची. साहजिकच सगळा निधी खर्च झालेला दिसतो. मला दुर्खीम पाठ होता, मार्क्स पाठ होता, पण हा साधा भागाकार करता आला नाही.

आपल्या विदर्भाचंच बघा. 'अनुशेष' हा शब्द आज प्रत्येक पुढारी वापरतो. त्या शब्दाला वजन आलं ते १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालामुळे. समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर हे अर्थतज्ज्ञ होते. त्यांनी विभागवार, क्षेत्रवार मोजणी करून अनुशेषाची रक्कम मांडली, म्हणून त्या मागणीला कुणी भावनिक म्हणू शकलं नाही.

आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेले डॉ. सुखदेव थोरात. खासगी नोकरीत जात आड येते, हे आपण वर्षानुवर्षं सांगत होतो आणि समोरचे 'गुणवत्ता' म्हणून हात झटकत होते. थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी नोकरीच्या जाहिरातींना पाठवले. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपला अनुभव पुरावा झाला तो संख्याशास्त्रामुळे.

म्हणून मित्रांनो, आता वाट नीट समजून घ्या. अकरावीला कुठलीही शाखा घ्या, पण गणित ठेवा. आपल्या बोर्डात कला शाखेलाही गणित घेता येतं. पदवीला अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र किंवा गणित घ्या. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राची बी.एस्सी. आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्यात्मक अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. तिथं विद्यावेतन मिळतं, राखीव जागाही आहेत, मात्र प्रवेश परीक्षा गणिताची कसोटी पाहते.

पुढे काय? अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा देता येते. पदवीला संख्याशास्त्र असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. रिझर्व्ह बँकेत आर्थिक संशोधन आणि सांख्यिकी विभागांसाठी वेगळी अधिकारी भरती असते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात पदं आहेत. शिवाय विद्यापीठं, विमा कंपन्या, संशोधन संस्था. एमपीएससीच्या काही जागांमागे लाखभर पोरं उभी असताना या दारांपुढे आपली पोरं फारशी दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, ताई, चळवळीला रस्त्यावरची माणसं हवीत, संगणकापुढची नाहीत. रस्ता सोडा, असं मी म्हणत नाही. मोर्चा आपल्याला कार्यालयाच्या दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर टेबलावर तक्ता असतो आणि तो वाचणारा आपल्यातला एक तरी माणूस तिथं हवा. कुणी म्हणेल, गणित आपल्या पोरांना झेपत नाही. हे वाक्य आपल्याला कुणी शिकवलं, याचा विचार करा. खेड्यातल्या शाळेत गणिताचा शिक्षक नसणं आणि पोराच्या डोक्यात गणित नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या मुलीनं यंदा अमरावतीत बी.ए.ला प्रवेश घेतला, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र घेऊन. वाट बंद झाली नाही, पण माझ्यामुळे तिला वळसा पडला. रोज संध्याकाळी ती अकरावीचं गणित पहिल्यापासून सोडवते. तिचा धाकटा भाऊ नववीत आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या पोरांसाठी आम्ही विहारात रविवारी गणिताचा वर्ग सुरू करतोय. तुमच्यापैकी जो अभियंता असेल, बँकेत असेल, बी.एस्सी. झाला असेल, त्यानं महिन्यातला एक रविवार आपल्या जवळच्या विहाराला द्यावा. फळा आम्ही लावतो, खडू आम्ही आणतो.

जय भीम!