बोजारा

जॉन स्टाइनबेक यांची 'ईस्ट ऑफ ईडन' ही कादंबरी आम्ही प्रथम वाचावयास घेतली ती सौंसरच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुकाऱ्याची वाट पाहत असताना. वकिलाने न्यायालयात बसून कादंबरी वाचावी हे शोभत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या दिवशी आम्ही तेथे वकील म्हणून गेलोच नव्हतो. दावा आमच्या घरचा होता. वादी आमचे वडील आणि प्रतिवादी त्यांचे थोरले बंधू. आमच्या मुलखात वडिलांच्या थोरल्या भावाला काका म्हणत नाहीत, 'मोठे बाबा' म्हणतात. तेव्हा एका बाबांनी दुसऱ्या बाबांवर लावलेला तो दावा होता.

1952 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी कॅलिफोर्नियातील सालिनासच्या खोऱ्यात घडते. गुरांची कुरणे, कोरडवाहू डोंगर आणि खाली काळी सुपीक जमीन. लेखक स्वतः त्याच सालिनास गावी 1902 साली जन्मला. गोष्ट आहे दोन पिढ्यांतील भावाभावांची आणि बापांनी नाकारलेल्या भेटींची. पहिल्या पिढीत एक मुलगा बापासाठी महागडा चाकू आणतो, दुसरा कुत्र्याचे एक पिल्लू. बापाला पिल्लूच आवडते. पुढे तोच पिल्लू देणारा अ‍ॅडम स्वतः बाप होतो. बर्फात घालून भाजी रेल्वेने दूर पाठविण्याच्या उद्योगात तो पैसा बुडवितो. ते नुकसान भरून द्यावे म्हणून मुलगा कॅल युद्धकाळात शेंगांच्या व्यापारातून मिळविलेले पंधरा हजार डॉलर त्याच्यापुढे ठेवतो. बाप ते घेत नाही. आम्ही नेमके त्या पानावर होतो आणि पुकारा झाला.

सौंसरच्या वाचकाला ही भूमी परकी वाटत नाही. आमच्याकडेही संत्र्यांच्या बागा आहेत, कपाशी आहे, आणि वर्धा-नागपूर-छिंदवाडा या पट्ट्यातील पांढरी, चपळ गवळाऊ गुरे आहेत. भांडण होते ते बागेतल्या विहिरीवरून. विहीर मोठ्या बाबांच्या वाट्यात आणि झाडे आमच्या वाट्यात, अशी तोंडी वाटणी आजोबांनी केली होती. कागदावर काहीच नव्हते. उन्हाळ्यात संत्र्याची झाडे तोंडी वाटणीवर जगत नाहीत.

येथे एक गोष्ट गोव्याकडील वाचकांना सांगावयास हवी. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. (2023 पासून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला असून सौंसर त्यात आहे.) त्यामुळे आमची माणसे भांडतात मराठीत आणि दावा लावतात हिंदीत. सातबारा आमच्याकडे नाही. खसरा आणि बी-1 आहे. घरात जी वाटणी, ती कचेरीत बटवारा.

2005 साली आम्ही नुकतेच वकील झालो होतो. बाबांनी वादपत्र आम्हांसच लिहावयास सांगितले. सही मात्र दुसऱ्या वकिलांची. त्यात आम्ही एक वाक्य घातले. प्रतिवादीने वादीच्या हक्काचे पाणी 'छलपूर्वक' बळकावले आहे, असे ते वाक्य होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 4 प्रमाणे कपटाचा आरोप करावयाचा तर त्याचा तपशील द्यावा लागतो. आम्ही तपशील दिला नाही, कारण तपशील नव्हताच. मोठे बाबा हट्टी होते, कपटी नव्हते. वादपत्रे अशीच लिहितात म्हणून आम्ही ते लिहिले. आज विचार करता वाटते, 'मोठ्या बाबांनी कपट केले' हे मराठी वाक्य आमच्या हातून कागदावर उतरले नसते. हिंदीत ते सहज उतरले.

मोठे बाबा शाळामास्तर होते. आम्हांस पाटीवर अक्षरे त्यांनीच गिरवून दिली आणि बैलाचा कासरा हाती कसा धरावा हेही त्यांनीच शिकविले. वादपत्राची नक्कल मिळाल्यापासून ते आम्हांस 'वकीलसाहेब' म्हणू लागले. रस्त्यात भेट झाली की, "काय वकीलसाहेब, बरे आहात ना?" आवाजात राग नसे. राग असता तर बरे झाले असते.

सात वर्षांनी, 2012 साली, तडजोड झाली. आदेश 23, नियम 3 अन्वये तडजोड लेखी असावी लागते आणि तिजवर पक्षकारांच्या सह्या लागतात. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या आठवड्याला तीन-तीन दिवस, रविवारी मोटार बंद. सह्या झाल्या आणि दोघे भाऊ दोन निरनिराळ्या दारांनी बाहेर पडले. स्टाइनबेकच्या कादंबरीच्या शेवटी अर्धांगाने पडलेल्या बापाला घरचा चिनी नोकर विनवितो की मुलाला आशीर्वाद द्या, आणि बाप कसाबसा एकच हिब्रू शब्द उच्चारतो. प्रथम वाचताना हा शेवट आम्हांस नाटकी वाटला होता. आमच्या शेतकरी घरांत असले शब्द कोणी उच्चारीत नाही. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर पुण्यात बापाचा पैसा आणि स्वतःची उमेद घालवून गावी परततो, तेव्हा तेथेही कोणी कोणाला क्षमा केल्याचे जाहीर करीत नाही. तो घरी राहू लागतो, इतकेच. ते आम्हांस अधिक खरे वाटे.

2014 च्या पोळ्याची गोष्ट. तोरण तुटल्यावर बैल घरोघरी नेतात. घरची बाई त्यांच्या खुरांवर पाणी घालून ओवाळते, पुरणपोळी चारते, आणि बैल आणणाऱ्याच्या हाती चार पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. (दुसरे दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीत गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दिवसभर दगड फेकतात व अखेर झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात. लोक याला मनोमीलन म्हणतात. ज्याला दरसाल माणसांची डोकी फुटावी लागतात, त्या मनोमीलनाचे कौतुक आम्हांस नाही.) बैल आणण्याचे काम सालगड्याचे किंवा पोरांचे. त्या संध्याकाळी नऊ वर्षांनंतर मोठ्या बाबांची जोडी आमच्या फाटकाशी आली आणि कासरा खुद्द मोठ्या बाबांच्या हातात होता. वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोक्याला धुवट टोपी. आईने पाय धुतले, ओवाळले. बाबा ओसरीवरून उठले आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. भावाकडे त्यांनी पाहिले नाही. आम्ही दगडासारखे उभे. तेव्हा मोठे बाबा आमच्याकडे वळून म्हणाले, "काहून रे, बोजारा नाही देत?"

खिशात पाचशेची नोट होती, ती आम्ही दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, "एवढा कोणी देते का?" म्हणाले, आणि टोपीत खोचली. पुढे ते आम्हांस 'वकीलसाहेब' असे कधीच म्हणाले नाहीत. ते वाक्य त्यांनी काढले नाही, आम्हीही काढले नाही. धीर होत नव्हता, आणि मग सवय झाली.

मोठे बाबा 2019 साली गेले. तेराव्यानंतर चुलतभावाने जमिनीचे कागद चाळून देण्यासाठी एक पिशवी आमच्याकडे आणली. तीत वादपत्राची त्यांना मिळालेली नक्कल होती. तिसऱ्या पानावर ते वाक्य होते. वादपत्राचा मूळ खर्डा आमच्या हातचा, आणि टंकलेखकाने तो जसाच्या तसा उतरविलेला. 'छलपुर्वक' असे त्यात ऱ्हस्व पडले होते. मोठ्या बाबांनी तांबड्या शाईने त्या पु-खाली रेघ ओढून समासात दीर्घ पू काढून ठेवला होता.