धुरा आणि बांध

सुताराकडे रंधा असतो, न्हाव्याकडे वस्तरा असतो. लेखकाचे हत्यार कोणते, असे विचारले तर जुने लेखक पेन दाखवतात आणि नवे लेखक मोबाइल. माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. घरी बसून चार मासिकांना लिहिणाऱ्या आणि दुसऱ्याचे लिहिलेले तपासून देणाऱ्या माणसाची खरी हत्यारे तीन : कोश, कान आणि पत्र. मानधन हे चौथे म्हणता आले असते. पण त्यातला मान आधी येतो आणि धन मागाहून, सावकाश, पायी चालत येते!

कोशाचे आधी सांगतो. मोल्सवर्थ हा इंग्रज फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि दुसरी आवृत्ती १८५७ साली. मराठी माणसांनी त्याला प्रेमाने 'मोलेसर शास्त्री' करून टाकले. पुढे दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढले. एके काळी हे ग्रंथ पाहायचे तर मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आता शिकागो विद्यापीठाने दोन्ही कोश इंटरनेटवर ठेवले आहेत. महागावच्या एस.टी. स्टँडवर पुसदच्या गाडीची वाट पाहता पाहता मी शब्द शोधतो, आणि शब्द बहुधा गाडीच्या आधी येतो.

दाते-कर्व्यांच्या कोशात पुष्कळ शब्दांपुढे कंसात एखादे अक्षर असते. 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'गो.' म्हणजे गोमंतकी. एवढेसे अक्षर, पण तो त्या शब्दाचा रहिवासी दाखलाच असतो. हा शब्द चुकलेला नाही, त्याला गाव आहे, असे ते अक्षर सांगते.

असा दाखला मागण्याची वेळ माझ्यावरही आली. मी एक गोष्ट लिहिली होती. दोन भाऊ, दोन वावरे आणि मधला धुरा. एक भाऊ दर वर्षी नांगराचे एक तास सरकवून धुरा कोरतो, आणि दुसरा ते पाहूनही बोलत नाही. गोष्ट एका मासिकात छापून आली तेव्हा सगळ्या धुऱ्यांचे 'बांध' झाले होते. तपासणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. त्याच्या लेखी धुरा राज्याची असते आणि मुख्यमंत्री ती खांद्यावर घेतात. शेतात तिचे काय काम? पण आमच्याकडे बांध म्हटले की आधी अडवलेले पाणी दिसते. शाळेतल्या सहकाऱ्याने अंक वाचून विचारले, "काऊन जी सर, तुमच्या गोष्टीत हे धरण कवा बांधलं?"

मी हसलो, पण दुखले. एक शब्द बदलला आणि ते दोघे भाऊ महागावचे राहिले नाहीत.

अशा वेळी तिसरे हत्यार लागते. रागाचे पत्र लिहिणे सोपे. गप्प बसणे त्याहून सोपे. मी तीनच वाक्ये लिहिली : शब्दाचा अर्थ काय, तो या ठिकाणी का, आणि बदलल्याने काय गेले. आठ दिवसांनी उत्तर आले. पुढच्या गोष्टीच्या वेळी समासात पेन्सिलीने प्रश्न होता : "हा शब्द असाच हवा ना?" संपादकाजवळ त्या प्रश्नचिन्हाएवढे मोलाचे दुसरे हत्यार नाही. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना त्यांच्या हस्तलिखितांबद्दल सविस्तर पत्रे लिहीत. मराठी कथेचे एक मोठे पर्व त्या पत्रांच्या आधाराने उभे राहिले.

काही जण शुद्धलेखनाच्या नियमांकडे बोट दाखवतात. मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले आणि १९६२ साली नियम आले. पण त्या नियमांनीही पात्राच्या तोंडच्या 'असं केलं'ला जागा ठेवली आहे. नियमांना जे समजले ते मोबाइलला समजत नाही. मी 'पऱ्हाटी' लिहिले की तो खाली लाल रेघ ओढतो. त्याला प्रश्न विचारता येत नाही, नुसती रेघ ओढता येते.

म्हणून शेवटी कान. लिहिलेले मोठ्याने वाचावे. पात्राच्या गावचा माणूस ते ऐकून हसला तर वाक्य पुन्हा लिहावे. माझ्या वर्गात घरी गोरमाटी, गल्लीत वऱ्हाडी आणि पुस्तकात तिसरीच मराठी बोलणारी मुले बसतात. आपल्या आईचा शब्द लाल शाईने खोडलेला पाहिला की मूल शब्दच नव्हे, बोलणेही आवरते घेते. मग त्याच्याकडून पुढची गोष्ट कोणाला मिळणार?

तेव्हा वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडाल आणि एखादा अनोळखी शब्द भेटेल, तेव्हा त्याला लगेच मुद्रणदोष म्हणू नका. दिवाळीला आलेल्या पाहुण्याला आपण आधी गाव विचारतो. शब्दालाही विचारावे.