मातीच्या वरच्या दोन पेरांत

आषाढ. आठवडाभर ऊन नाही आणि मनीप्लांटच्या कुंडीवर चिलटं. आई म्हणाली, केळ्यांवरची असतील. पण केळ्यांवरची चिलटं तांबूस, जरा जाडसर असतात आणि फळाभोवती घोटाळतात. ही काळसर, बारीक, लांब पायांची. मातीवरच तुरुतुरु चालतात, कुंडी हलवली की उठतात.

उडणारं चिलट झाडाला काही करत नाही. खातात त्याच्या अळ्या, तेही मुख्यतः बुरशी आणि कुजका पाला. खूप झाल्या की मग कोवळ्या मुळांवर येतात. म्हणून रोपवाटिकेतली रोपं आणि नुकत्याच लावलेल्या फांद्या आधी बळी पडतात, जुनं झाड निभावून नेतं.

बटाट्याची परीक्षा: सोललेल्या बटाट्याची जाड चकती मातीत दाबून ठेवायची, दोन दिवसांनी उलटून बघायची. खाली पारदर्शक अंगाच्या, चकचकीत काळ्या डोक्याच्या अळ्या दिसल्या, तर शंका मिटली. हे केल्याशिवाय कुंडीत काहीही ओतू नये, असं माझं ठाम मत आहे. झाड न बघता औषध घालणं हा झाडावर अन्याय आहे.

बोट दोन पेरं आत जाईपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी. पावसाळ्यात याला दहा-बारा दिवसही लागतात. अंडी आणि अळ्या बहुतेक या वरच्याच थरात असतात आणि कोरडेपणा त्यांना सोसत नाही. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून द्यायचं. कोकोपीट जास्त असलेली कुंडी वरून सुकलेली दिसते, आत चिंब असते. ती उचलून वजनावरून ओळखावी.

निंबोळी पेंड चांगलीच, पण वर पसरून ठेवू नये. ओली राहिली की तिच्यावर पांढरी बुरशी धरते, म्हणजे चिलटांना आपणच जेवण वाढलं. कुंडी भरतानाच मातीत मिसळावी.

पिवळं चिकट कार्ड फक्त उडणारी धरतं. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांचा, म्हणून उपायही महिनाभर नेटाने चालवावा लागतो. चार दिवसांत सोडला की पुन्हा तेच. माझ्या कार्डावर पहिल्या आठवड्यात 31, चौथ्यात 2.

अळ्यांसाठी बीटीआय. 1976 साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांवर वापरतात, चिलटांच्या अळ्यांनाही तो लागू पडतो. पाण्यातून मातीत द्यायचा. अळीने तो खाल्ला तरच काम होतं, म्हणून एकदा देऊन भागत नाही.

माती ओली केल्यावर टुणटुण उडणारे पांढुरके ठिपके म्हणजे स्प्रिंगटेल. बुरशी आणि कुजका कचरा खातात. त्यांना मारू नका. गांडूळही राहू द्या.

जेडचं वेगळंच. पाणी वेळेवर, ऊन पुरेसं, तरी वाढ थांबलेली, आणि कुंडीच्या भोकातून मुंग्यांची ये-जा. मुंग्या दिसल्या की खाली गोड चिकटा सोडणारं कोणीतरी असू शकतं. कुंडी उपडी केली, तर मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर कापसासारखे पुंजके: मुळांवरचा पिठ्या ढेकूण. वरून फवारणी करून इथे उपयोग नाही. सगळी माती कचऱ्यात (दुसऱ्या कुंडीत मुळीच नाही), मुळं वाहत्या पाण्याखाली धुतली, सडलेली कापली. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल रिठ्याच्या पाण्याने फेटून त्यात मुळं बुडवली. कुंडी कढत पाण्याने घासली. रोप दोन दिवस सावलीत उघडंच सुकवलं, मग नव्या कोरड्या मातीत लावलं.

वैशाखात करायचं: पुढच्या वर्षीची माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर चार-सहा आठवडे तापवायची. शेतकरी उन्हाळी नांगरट करून कोष उन्हात उघडे पाडतात. आमच्याकडे नांगर नाही, गच्ची आहे.

जेड अजून बाथरूमच्या खिडकीत, बाकीच्या झाडांपासून लांब. नवं पान नाही. काल हळूच कुंडीतून सोडवून मुळं पाहिली. कापूस नाही, आणि एक पांढरं टोक फुटलंय.