घोंगडीदर्शन

मोरोक्कोतले गालिचे आणि माग पाहायला लोक विमानाने जातात. आम्हाला सहलवाल्यांनी मिनीबसने म्हसवडला नेले. हवाई सुंदरी नव्हती, पण पोहे होते.

'विणकराला त्रास देऊ नका' असे गाईडने बजावले. लगेच पंचवीस जणांनी त्याला गराडा घातला.

घोंगडी हा मोठा खटपटीचा मामला. धनगराने मेंढरं कातरायची, बायकांनी लोकर पिंजून सूत काढायचे, सनगराने ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मग खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे. रंगवायची भानगड नाही. काळा रंग मेंढी घरूनच घेऊन येते!

आमच्यातल्या एका काकूंनी सहलीचे पैसे मुकाट्याने भरले होते. इथे मात्र 'अय्या, टोचते की!' म्हणत त्यांनी शंभर रुपये कमी करायला सांगितले.

'ताई, मेंढीनं कधी तक्रार केली न्हाय,' विणकर म्हणाला.

दुपारी सांगली जिल्ह्यात, आटपाडीला दुसरा माग पाहिला. मी विचारले, 'मामा, मुलगा विणतो का?'

'त्यो गलाईला गेलाय, मद्रासकडं. सोनं वितळवतोय. लोकरीत काय ऱ्हायलंय?'

तेवढ्यात गाईडने शिट्टी वाजवली. मामा पुन्हा खड्ड्यात उतरले.

परतताना पंचवीस जणांत मिळून दोन घोंगड्या आणि चारशे फोटो होते. रात्री बसचा ए.सी. अंगावर आला, तेव्हा फोटो कोणी पांघरले नाहीत. दोन घोंगड्यांखाली जागेसाठी चढाओढ लागली. काकू मधोमध होत्या.